शेतकी खात्याचं गृहकर्ज आणि चॅथमची लाल माती

नॉर्थ कॅरोलायनातल्या केअरी-मॉरिसव्हिलच्या मराठी घरांत घरांच्या किमतींचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "जॉर्डन लेकच्या पलीकडे बघा ना, तिथे यूएसडीएचं कर्ज मिळतं. डाउनपेमेंट शून्य!" हे अर्धं खरं आहे. यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याचं, कर्ज मिळतं, डाउनपेमेंटही लागत नाही. पण तलावापलीकडची जमीन कशी आहे, ती तशी का आहे आणि त्यामुळे कुठलं घर या कर्जात बसतं, हे कुणी सांगत नाही. तलावापलीकडच्या चॅथम कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) हे कर्ज घ्यायचं असेल तर कौंटीचा इतिहास थोडा तरी माहीत हवा, कारण फाइल अडते ती बहुधा जमिनीवरून. पगाराची स्लिप तुलनेने सोपी असते.

आधी निकाल सांगून टाकतो. कर्ज म्हणून पाचपैकी चार. सेवा म्हणून तीन, आणि त्यातलाही एक तुमचा लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा कंपनी, कोण आहे यावर. पिट्सबरोच्या जुन्या कोर्टातलं छोटंसं संग्रहालय मात्र पाचपैकी पाच. ते या परीक्षणात कसं आलं, ते शेवटी कळेल.

शेतीखातं घरासाठी कर्ज का देतं, हा पहिला प्रश्न. १९४९ च्या हाउसिंग अॅक्टमध्ये शेतकऱ्यांच्या घरांसाठी ही सोय झाली आणि ती शेतीखात्याच्या फार्मर्स होम अॅडमिनिस्ट्रेशन या विभागाकडे आली. १९६१ मध्ये शेती न करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांनाही तिचं दार उघडलं. नव्वदच्या दशकात तो विभाग मोडीत निघाला आणि काम आजच्या रूरल डेव्हलपमेंट या विभागाकडे गेलं. आज आपण ज्याला सर्रास यूएसडीए लोन म्हणतो, ते बहुतेक वेळा 'गॅरंटीड' प्रकारचं असतं. पैसे खाजगी लेंडर देतो आणि कर्ज बुडालं तर मूळ रकमेच्या नव्वद टक्क्यांपर्यंतची हमी सरकारची. म्हणून लेंडर डाउनपेमेंट मागत नाही. व्याजदर ठरलेला, मुदत ३० वर्षं, दुसरा पर्याय नाही.

कुणाला मिळत नाही, ते पहिल्यांदा बघा, म्हणजे पुढचा वेळ वाचेल. एच-वन-बीवर असाल तर इथेच थांबा. नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड हवं. हाताशी २० टक्के रोख आहे, क्रेडिट चांगलं आहे आणि साधं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमीशिवायचं, कर्ज सहज मिळू शकतं, अशांनाही हे कर्ज नाही. घर स्वतः राहण्यासाठीच हवं, भाड्याने देण्यासाठी नाही. रोजच्या ये-जा अंतरात दुसरं बरं घर नावावर असेल तरीही अडचण येते. पुण्यातला फ्लॅट या नियमात येत नाही, पण मालमत्तेच्या हिशोबात येतो. निवृत्तीची खाती सोडून बाकीची मालमत्ता ५०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिच्यावरचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवतात. तेव्हा इथल्या ठेवींबरोबर भारतातल्या एफडीही कागदावर दाखवा. अंडररायटरला, म्हणजे फाइल तपासून मंजुरी देणाऱ्याला, नंतर सापडल्या तर फाइल पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

उत्पन्नाचा नियम तर आपल्या घरांसाठी खास गोंधळाचा. मर्यादा म्हणजे त्या भागातल्या मध्यम कुटुंब-उत्पन्नाच्या ११५ टक्के, आणि मोजलं जातं ते अख्ख्या घराचं उत्पन्न. कर्जावर सही नवऱ्याची एकट्याची असली तरी बायकोचा पगार धरतात. आईवडील ग्रीनकार्डवर कायमचे सोबत राहत असतील तर त्यांचं पेन्शनही धरतात. त्याच वेळी घरातली डोकीही मोजली जातात, आणि हे लोक विसरतात. २०२५ ची पायाभूत मर्यादा चार जणांपर्यंतच्या घराला १,१९,८५० डॉलर आणि पाच ते आठ जणांच्या घराला १,५८,२५० डॉलर होती. आईवडिलांमुळे चाराचं घर सहाचं झालं तर मर्यादाच बदलते. चॅथमची मर्यादा डरॅम-चॅपल हिल महानगराच्या हिशोबाने ठरते, त्यामुळे या पायाभूत आकड्यावर न थांबता यूएसडीएच्या पात्रता-साइटवर कौंटी टाकून चालू आकडा घ्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डेकेअरचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, तो न विसरता मांडायला लावा. ट्रँगलमधल्या (राली-डरॅम-चॅपल हिल परिसरातल्या) डेकेअरचे दर बघता काही घरं केवळ या वजावटीवर मर्यादेत येतात.

आता आकडेमोड. घर ३,२०,००० डॉलरचं धरू. सरकारची हमी-फी एकरकमी १ टक्का, तीही कर्जातच मिळवता येते, म्हणजे कर्ज होतं सुमारे ३,२३,२३० डॉलर. शिवाय वार्षिक फी शिल्लक रकमेवर ०.३५ टक्के, ती महिन्याला सुरुवातीला साधारण ९४ डॉलर. याच घराला एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं दुसरं कर्ज, घेतलं तर ३.५ टक्के म्हणजे ११,२०० डॉलर डाउनपेमेंट, एकरकमी विमा १.७५ टक्के आणि वार्षिक ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला १४० च्या आसपास. इथे शेतकी खातं सरळ जिंकतं. उणी बाजू एवढीच की ०.३५ टक्के फी कर्ज असेपर्यंत जात नाही. कन्व्हेन्शनलचा पीएमआय (खाजगी कर्ज-विमा) मात्र घरातला तुमचा वाटा २० टक्के झाला की काढून टाकता येतो.

साडेसहा टक्क्यांनी मुद्दल-व्याजाचा हप्ता २,०४३ डॉलर येतो. फी ९४, घरपट्टी आणि विमा मिळून ४०० धरले, की झाले २,५३७. यूएसडीएची नेहमीची पट्टी २९ आणि ४१ ची आहे. घराचा खर्च पगाराच्या २९ टक्क्यांत आणि सगळी देणी मिळून ४१ टक्क्यांत बसली पाहिजेत. २,५३७ ला २९ टक्क्यांत बसवायला वर्षाला सुमारे १,०५,००० डॉलर हवेत. आता वरची मर्यादा आठवा. म्हणजे या घरासाठी तुमचं उत्पन्न एका बऱ्यापैकी अरुंद फटीत बसायला हवं. फट रुंद करण्याचे दोन मार्ग आहेत. स्वस्त घर बघणं हा एक. दुसरा म्हणजे यूएसडीएची 'गस' ही संगणकप्रणाली. क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असेल, बचत दिसत असेल, तर ती २९ च्या थोडं वरही मान्य करते. गाडीचे दोन हप्ते चालू असतील तर ४१ ची पट्टी आधी तुटते. शिक्षणकर्जाचा हप्ता सध्या शून्य दाखवत असेल तरी शिल्लक रकमेच्या अर्धा टक्का दरमहा देणं धरलं जातं, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट या कर्जात आहे जी इतरत्र सहसा नसते. अप्रेझल, म्हणजे घराचं मूल्यांकन, किमतीपेक्षा जास्त आलं, तर वरच्या फरकात क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पुरी करण्याचा, खर्च कर्जात मिळवता येतो. घर ३,२०,००० ला ठरलं आणि मूल्यांकन ३,२६,००० चं आलं, तर ते ६,००० तुमच्या कामाचे. विकणाऱ्याकडूनही किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत मदत घेता येते.

पात्रता नकाशाकडे वळू. ग्रामीण म्हणजे ढोबळपणे मोकळा मुलूख किंवा दहा हजारांपर्यंतची गावं, शिवाय काही सवलतीतली मोठी गावं. २०२० च्या जनगणनेत चॅथमची लोकसंख्या ७६,२८५ होती. पिट्सबरो ४,५३७, सायलर सिटी ७,७०२. पण गावाच्या नावावर जाऊ नका, नेमका पत्ता टाका. सीमारेषा रस्त्यामधूनही जाऊ शकते. पिट्सबरोला लागून चॅथम पार्क ही सात हजार एकरांची वसाहत उभी राहते आहे, २२,००० घरांची योजना आहे. आज ग्रामीण असलेला पत्ता पुढच्या फेरआखणीत तसा राहीलच असं नाही. एकदा कर्ज झालं की नकाशा बदलला तरी तुमच्या कर्जाला धक्का नाही.

केअरी-रालीच्या इतक्या जवळ असून चॅथमची पूर्व बाजू इतकी वर्षं मोकळी कशी राहिली? मोठं कारण जमिनीखाली आहे. कौंटीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ट्रायासिक खोरं आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गाळ. त्याची माती लालसर, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आक्रसणारी. ऑगस्टमध्ये तिला पडलेल्या भेगेत बोट जातं, आणि पावसानंतर तीच माती बुटाच्या तळाला इंचभर चिकटून येते. विटांसाठी उत्तम, म्हणून मंक्युअरकडे वीटकाम वाढलं. सेप्टिकसाठी मात्र वाईट, कारण पाणी मुरत नाही. शिवाय त्या खोऱ्यात विहिरींना पाणी कमी. पश्चिमेला, सायलर सिटीकडे, स्लेट बेल्टचा जुना खडक आहे, तिथे चित्र वेगळं.

यूएसडीएच्या फाइलमध्ये हे असं उतरतं. गावठाणाबाहेर बहुतेक घरांना खाजगी विहीर आणि सेप्टिक. काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडून त्या जागेचं सेप्टिक परमिट मागवा. जुन्या परमिटवर बहुधा हाताने काढलेला आराखडा असतो. चौकोन म्हणजे घर, त्यातून निघालेली रेघ टाकीपर्यंत, पुढे शोषरेषा (सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या नळ्या) आणि बाजूला राखीव जागा. कोपऱ्यात लिहिलेला बेडरूमचा आकडा वाचा. नॉर्थ कॅरोलायनात दर बेडरूमला दिवसाला १२० गॅलन धरून सेप्टिक ठरतं. तीन बेडरूमचं परमिट म्हणजे ३६० गॅलन. जाहिरातीत चार बेडरूम आणि परमिटवर तीन, हा इथला नेहमीचा घोळ. वरच्या मजल्यावरची 'बोनस रूम' एजंटने बेडरूम करून टाकलेली असते. मूल्यांकन मग तीनचं येतं आणि किंमत चारची ठरलेली. ज्या राखीव जागेवर मागच्या मालकाने शेड बांधली किंवा गाडी उभी करायला खडी टाकली, तिथे सेप्टिक बिघडल्यावर दुसरं करायला जागाच उरत नाही. टाकी उपसून तपासणी करून घ्या. नुसतं "फ्लश केलं, पाणी गेलं" ही तपासणी नव्हे.

विहिरीचं अंतरही मोजतात. टाकीपासून किमान ५० फूट, शोषरेषांपासून १०० फूट, हद्दीपासून १० फूट. पाण्याच्या नमुन्यात कोलिफॉर्म जंतू, नायट्रेट, नायट्राइट आणि शिसं बघतात. नमुना घेणारा माणूस नळाच्या तोंडावरची जाळी काढतो की नाही, एवढं बघा. जाळीतल्या शेवाळामुळे चांगली विहीरही नापास होते. कोलिफॉर्म निघालाच तर विहिरीत क्लोरीन सोडून, ते पूर्ण उपसून, पुन्हा नमुना द्यावा लागतो. यात आठवडा-दहा दिवस सहज जातात. पश्चिमेकडच्या खडकातल्या विहिरीची आर्सेनिक चाचणी लेंडरने मागितली नाही तरी करून घ्या, खर्च फार नाही.

दक्षिणेला डीप रिव्हरच्या काठी याच खोऱ्यात कोळसा आहे. कोल ग्लेनच्या खाणीत २७ मे १९२५ रोजी स्फोट होऊन ५३ माणसं मेली. नॉर्थ कॅरोलायनातली ती सर्वांत भीषण खाणदुर्घटना. खाणी बंद होऊन जमाना लोटला, पण जमिनीखालचे हक्क काही ठिकाणी जमिनीपासून तुटूनच राहिले, आणि २०१० नंतर शेल गॅसच्या आशेने त्यांची पुन्हा विचारपूस झाली. म्हणून या राज्यात विकणाऱ्याला खनिज आणि तेल-वायू हक्कांचा वेगळा जाहीरनामा द्यावा लागतो. चॅथममधल्या गल्फ किंवा फार्मव्हिल भागात घर बघत असाल तर त्यावर "माहीत नाही" अशी खूण असेल, तर वकिलाला तीस-चाळीस वर्षांवर न थांबता मागे जायला सांगा. इथे सातबारा नाही. रजिस्टर ऑफ डीड्सकडची खरेदीखतांची साखळी हाच तुमचा फेरफार.

तलावाचीही अशीच गोष्ट. न्यू होप खोऱ्यातली शेतं सरकारने घेतली, धरणाचं काम १९६७ मध्ये सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरलं. आज ज्याला आपण जॉर्डन लेक म्हणून सहलीला जातो, त्याच्या तळाशी घरं आणि वाटा होत्या. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट, पण पूर अडवण्यासाठी २४० फुटांपर्यंत पाणी चढवता येतं. काठाजवळच्या काही भूखंडांवर म्हणून आर्मी कोअरचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाचा, पाणी चढवण्याचा पूर-हक्क नोंदलेला असतो. "लेकला लागून" म्हणून जास्त पैसे मोजताना सर्व्हेवर ही रेषा कुठून जाते ते बघा. नव्या बांधकामाला पूररेषेत हे कर्ज जवळजवळ मिळतच नाही. जुन्या घराला पूरविमा लागतो आणि तो हप्ता पुन्हा त्या २९ टक्क्यांत मोजला जातो.

शेतजमिनीतून कापलेल्या प्लॉटला आणखी एक खाच आहे. शेती किंवा वनासाठी सवलतीची घरपट्टी चालू असलेली जमीन सवलतीतून बाहेर पडली की चालू वर्षाचा आणि मागच्या तीन वर्षांचा फरक व्याजासकट भरावा लागतो. तो कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. खाजगी खडीचा रस्ता असेल तर कायमचा नोंदलेला वहिवाटीचा हक्क हवा, नाहीतर फाइल पुढे सरकत नाही. "सगळे शेजारी मिळून खडी टाकतात" हे अंडररायटरला पुरत नाही.

सेवेचा भाग. तुम्ही यूएसडीएच्या माणसाला कधी भेटतच नाही, सगळं लेंडरमार्फत. पुष्कळ लेंडर हे कर्ज वर्षातून दोन-चारदाच करतात, आणि तिथेच घोळ होतो. पहिल्याच फोनवर विचारा की गेल्या वर्षात किती यूएसडीए फाइली बंद केल्या आणि उत्पन्नाचा तक्ता कोण भरतं. लेंडरची मंजुरी झाल्यावर फाइल रूरल डेव्हलपमेंटकडे जाते आणि तिथून सशर्त हमीपत्र आलं की क्लोजिंग. हे पत्र ९० दिवस चालतं. या दुसऱ्या टप्प्याला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे. नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे घर तपासण्याच्या मुदतीसाठीची रक्कम, थेट विकणाऱ्याला जाते आणि तुम्ही मागे फिरलात तर परत मिळत नाही. म्हणून ही मुदत ठरवताना सेप्टिक, विहीर आणि मूल्यांकन तिन्ही त्यात बसवा. ३० सप्टेंबरला सरकारचं वर्ष संपतं. त्या सुमारास क्लोजिंग ठेवू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा नवी हमीपत्रं निघणंच थांबलं होतं.

उत्पन्न फारच कमी असेल तर 'डायरेक्ट' हा दुसरा प्रकार आहे. कर्ज सरकार स्वतः देतं, अनुदानाने व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येतं, मुदत ३३ वर्षं, काहींना ३८. घर विकताना मात्र अनुदानाचा काही भाग परत द्यावा लागतो, हे सही करण्यापूर्वी वाचा.

आता ते संग्रहालय. कौंटी १७७१ मध्ये ऑरेंजमधून निघाली आणि नाव मिळालं विल्यम पिट, अर्ल ऑफ चॅथम याचं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कर आणि फीच्या जाचाविरुद्ध उठलेल्या रेग्युलेटरांचा अॅलमन्सला पराभव झाला होता. पिट्सबरोच्या मधोमध, वाटोळ्या चौकात १८८१ चं कोर्ट आहे. २५ मार्च २०१० ला दुरुस्ती चालू असताना त्याला आग लागली. ते पुन्हा उभं केलं, २०१३ मध्ये उघडलं, आणि आत चॅथम हिस्टॉरिकल असोसिएशनचं संग्रहालय आहे. जॉर्ज मोझेस हॉर्टनची ओळख तिथे नीट होते. चॅथममधल्या एका शेतावर गुलाम असलेला हा माणूस चॅपल हिलला चालत जायचा आणि विद्यार्थ्यांना २५ ते ७५ सेंटला प्रेमकविता करून विकायचा. १८२९ मध्ये त्याचं पुस्तकही छापून आलं.

घर घेणाऱ्याने तिथे जायचं कारण वेगळंच. या संस्थेने कौंटीभरच्या स्मशानभूमींची नोंद केली आहे. शेतावरच्या कौटुंबिक आणि गुलामांच्या दफनभूमी इथे जागोजागी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी नाव कोरलेला दगड नसतो. नुसते उभे खुपसलेले ओबडधोबड दगड, एका रांगेत, जमीन किंचित खचलेली, आणि वर व्हिंकाची पसरलेली हिरवी चादर. ही वेल आपल्या सदाफुलीच्या जातकुळीतली, जुन्या थडग्यांवर मुद्दाम लावायचे. झाडीत अशी चादर दिसली तर सर्व्हेयरला दाखवा आणि नकाशावर ती जागा आखून घ्या. कायद्याने वंशजांना तिथे येण्याचा हक्क आहे, तुम्ही अडवलंत तर ते कोर्टाच्या क्लार्ककडून परवानगी आणू शकतात. सेप्टिकची दुसरी शोषरेषा नेमकी त्याच उतारावर आखलेली असेल, तर ते क्लोजिंगच्या आधी कळलेलं बरं.